प्लॅनवर रूट वेळेत, रस्त्यावर रोज उशीर: सॉल्व्हर बदलायच्या आधी हे तपासा

प्रॉब्लेम असा असतो. सकाळी ऑर्डरी लोड केल्या, सॉल्व्हर (कोणती गाडी कोणत्या क्रमानं कुठे जाईल ते ठरवणारं सॉफ्टवेअर) रन केला, सगळ्या गाड्यांचे रूट आले, प्रत्येक स्टॉप टाइम विंडोच्या, म्हणजे तिथे पोचायला ठरवून दिलेल्या वेळेच्या, आत, एकही ऑर्डर उरलेली नाही, आणि दुपार व्हायच्या आत डिस्पॅचला फोन सुरू. काही गाड्या मागे पडल्यात, शेवटचे स्टॉप उद्यावर ढकलावे लागतायत, ड्रायव्हर म्हणतो हा रूट होण्यातलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी परत तेच. एखाद दिवशी झालं तर ट्रॅफिक म्हणून सोडून देता येतं, पण रोज होतंय आणि साधारण तेवढाच उशीर होतोय तर मग तो ट्रॅफिक नाही, चूक प्लॅनमध्येच बसलेली आहे आणि ती शोधून काढता येते.

यावर बहुतेक ठिकाणी पहिलं काय होतं तर अल्गोरिदमवर संशय घेतला जातो. नवीन सॉल्व्हर आणा, रन टाइम दोन मिनिटांवरून वीस मिनिटं करा, कोणीतरी मशीन लर्निंगचं नाव काढतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गाड्यांचे रूट कसे आखायचे हा प्रश्न १९५९ पासून अभ्यासला जातोय, डँट्झिग आणि रॅमसर यांनी पेट्रोल डेपोपासून पंपांपर्यंत टँकर कसे पाठवायचे यावर पेपर लिहिला तेव्हापासून, आणि तेवढ्या वर्षांत सॉल्व्हर खरंच खूप चांगले झालेत. शंभर ते हजार ग्राहकांची जी प्रमाणित उदाहरणं आहेत त्यांच्यावर आजचे चांगले हायब्रिड जेनेटिक सॉल्व्हर (चांगल्या उत्तरांची सरमिसळ करून आणखी चांगलं शोधणारे) आतापर्यंत सापडलेल्या सर्वात चांगल्या उत्तराच्या अर्ध्या टक्क्याच्या आत पोचतात, आणि त्यातले काही फुकट आणि ओपन सोर्स आहेत. म्हणजे अल्गोरिदम बदलून मिळणार किती तर एक-दोन टक्के, आणि तुमची गाडी मागे पडतेय तासाभरानं. तो तास सॉल्व्हरला मिळणाऱ्या आकड्यांमध्ये आहे. सॉल्व्हर प्रामाणिकपणे चुकीच्या गणिताचं बरोबर उत्तर देतोय.

म्हणून माझं ठाम मत असं की सॉल्व्हरला हात लावायच्या आधी एकच टेस्ट करा, रीप्ले. कालचा एक रूट घ्या, ड्रायव्हर प्रत्यक्षात ज्या क्रमानं गेला तो क्रम जीपीएसमधून काढा, आणि तोच क्रम जसाच्या तसा ठेवून तुमच्या मॅट्रिक्समधून (कुठल्याही दोन जागांमधला प्रवासाचा वेळ आणि अंतर यांचा तक्ता) आणि तुमच्याच सर्व्हिस टाइमनं (एका स्टॉपवर थांबायचा धरलेला वेळ) वेळा काढा. ऑप्टिमायझेशन काही करायचं नाही, नुसती बेरीज. मग प्रत्येक स्टॉपला मॉडेल किती वाजता पोचतंय आणि गाडी किती वाजता पोचली हे शेजारी शेजारी लिहा. पोचायची वेळ आणि निघायची वेळ दोन्ही पाहिजेत, नुसती डिलिव्हरी स्कॅनची वेळ असेल तर त्यातून फार काही कळत नाही कारण स्कॅन कोणी दारात करतं कोणी गाडीत बसल्यावर करतं.

समजा सहा स्टॉपचा तुकडा आहे. प्लॅनमध्ये डेपोतून निघायचं ९:०० ला, स्टॉपांवर पोचायचं ९:१८, ९:३१, ९:४२, ९:५६, १०:०७ आणि १०:२१ ला. प्रत्यक्षात गाडी निघाली ९:२० ला आणि पोचली ९:३९, ९:५५, १०:१०, १०:२७, ११:०२, ११:१९ ला. शेवटी फरक ५८ मिनिटं. आता हा फरक फक्त शेवटी बघितला तर माणूस म्हणतो ट्रॅफिक, पण स्टॉपागणिक बघा, २१, २४, २८, ३१, ५५, ५८. सुरुवातीचे २० तर चाक फिरायच्या आधीच गेलेत, लोडिंग आणि कागदपत्रं. त्यानंतर प्रत्येक स्टॉपला तीन-चार मिनिटं वाढतायत, निघायच्या वेळा बघितल्या की दिसतं की प्लॅनमध्ये स्टॉपवर ५ मिनिटं धरलीत आणि ड्रायव्हरला ८ ते ९ लागतायत. आणि चौथ्या ते पाचव्या स्टॉपमध्ये ६ मिनिटांच्या ऐवजी २७ मिनिटं गाडी चाललीय, एकाच ठिकाणी २१ मिनिटं गेली. बाकी सगळ्या लेग (एका स्टॉपपासून पुढच्या स्टॉपपर्यंतचा प्रवास) मिळून ड्रायव्हिंगमधला फरक किती तर १ मिनिट. म्हणजे २० लोडिंगचे, १६ स्टॉपवरचे, २१ एका लेगचे आणि १ खरा ड्रायव्हिंगचा.

हे मी एवढं सविस्तर लिहितोय कारण याच ठिकाणी सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे सगळ्या ड्रायव्हिंग टाइमला १.३ नं गुणणं. वरच्या उदाहरणात प्लॅनचं एकूण ड्रायव्हिंग ५६ मिनिटं आहे, १.३ नं गुणलं की वाढतात १७. उशीर ५८ चा. आणि वर तो बफर, म्हणजे जादा धरलेला वेळ, अशा लेगवर पडतो जिथे काही चूक नव्हतीच, त्यामुळे सॉल्व्हर लांबचे स्टॉप उगाच महाग समजायला लागतो आणि रूटची रचनाच बिघडते. सरसकट बफर हा उपाय नाही, तो चूक कुठेय ते झाकून टाकतो.

तर फरकाचा आकार वाचायला शिकायचं. पहिल्याच स्टॉपपासून मोठा आणि पुढे स्थिर राहिला तर निघायची वेळ खोटी आहे. प्रत्येक स्टॉपवर थोडा थोडा चढत गेला तर सर्व्हिस टाइम. लेगच्या लांबीच्या प्रमाणात चढला, म्हणजे लांब लेगला जास्त आणि छोट्या लेगला कमी, तर वेग किंवा मॅट्रिक्स. एका जागी उडी असेल तर पत्ता, गेट, ब्रेक किंवा विंडो उघडायची वाट बघणं. आणि फरक उलटा असेल, म्हणजे गाडी सतत प्लॅनच्या आधी पोचत असेल, तर तोही बघा, कारण तिथे कोणीतरी आधीच बफर घातलेला असतो आणि तुम्ही दिवसाला एक गाडी जास्त काढत असता.

आता एकेक.

पत्त्यापासून सुरू करतो कारण एका जागची उडी बहुतेक वेळा इथलीच असते. जिओकोडर, म्हणजे पत्त्यावरून नकाशावरची जागा काढणारं सॉफ्टवेअर, पिन टाकतं ती प्लॉटच्या मध्यावर, आणि राउटिंग इंजिन (रस्त्यानं अंतर आणि वेळ काढणारं सॉफ्टवेअर) त्या पिनच्या सगळ्यात जवळचा रस्ता पकडतं. जवळचा रस्ता म्हणजे मागच्या बाजूचा रस्ता असू शकतो, मध्ये भिंत असते, नदी असते, रेल्वे लाइन असते, फ्लायओव्हरच्या खालचा रस्ता पकडायच्या ऐवजी वरचा पकडला जातो. मॉडेलला वाटतं पोचलो, ड्रायव्हर पूर्ण वळसा घालून गेटवर येतो. यावर उपाय अगदी साधा आहे, ग्राहकाच्या पत्त्याची पिन आणि गाडी जिथे थांबते ती पिन या दोन वेगळ्या ठेवा, आणि दुसरी पिन जीपीएसच्या जुन्या थांब्यांवरून भरा. एकदा डिलिव्हरी झाली की ती जागा तुमच्याकडे आहे, ती परत जिओकोडरला विचारायची गरज नाही. नवीन पत्त्यांसाठी एवढंच करा की पिन आणि पकडलेला रस्ता यातलं अंतर तपासा, शंभर-दीडशे मीटरच्या वर गेलं की तो पत्ता माणसानं बघायचा. राउटिंग इंजिन हे अंतर उत्तरात देतात, कोणी बघत नाही एवढंच.

याच गटातली एक गोष्ट, अक्षांश आणि रेखांश उलटे. ओएसआरएम या राउटिंग इंजिनला रेखांश आधी लागतो, नकाशावरून आपण कॉपी करतो तिथे बहुतेक अक्षांश आधी असतो. सगळेच उलटे असले तर लगेच कळतं कारण गाडी समुद्रात जाते, पण एका एक्सेल फाइलमधून आलेल्या मोजक्या ओळीच उलट्या असल्या तर त्या ऑर्डरी फक्त अनअसाइन्ड (कोणत्याच गाडीला न दिलेल्या) म्हणून निघतात आणि मग लोक कपॅसिटी शोधत बसतात.

मॅट्रिक्स. हवाई अंतराला ठरावीक वेगानं भागून वेळ काढत असाल तर पुढचं काही वाचायच्या आधी ते बदला, कारण नदीच्या दोन काठांवरचे दोन स्टॉप त्या मॅट्रिक्समध्ये शेजारी असतात. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा आणि ओएसआरएम, व्हलहल्ला किंवा ग्राफहॉपर यातलं कुठलंही राउटिंग इंजिन चालेल. पण ते बसवल्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, प्रोफाइल. डीफॉल्ट प्रोफाइल कारचं असतं, ते रस्त्याच्या प्रकारावरून आणि वेगमर्यादेवरून वेळ काढतं, त्यात आत्ताचा ट्रॅफिक नसतो आणि तुमच्या ट्रकची उंची, वजनाची बंदी, वळायला लागणारी जागा यातलं काही नसतं. दोन, मॅट्रिक्स सिमेट्रिक नसतं. अ ते ब ७ मिनिटं आणि ब ते अ १२ मिनिटं हे वन-वेमुळे अगदी नॉर्मल आहे, पण काही लोक मेमरी वाचवायला अर्धंच मॅट्रिक्स काढतात आणि आरशासारखं दुसऱ्या बाजूला चिकटवतात. ते करू नका.

वेग दिवसभरात बदलतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मॅट्रिक्स एकच असतं. निदान तीन स्लॉट करा, सकाळची गर्दी, मधला वेळ, संध्याकाळ, आणि रीप्लेमधून प्रत्येक स्लॉटचा गुणक काढा. इथे एक बारीक गोष्ट आहे जी बरेचदा निसटते. नुसतं स्लॉट बदलला की मॅट्रिक्स बदललं असं केलं तर ९:५९ ला निघालेली गाडी गर्दीच्या वेळेनं ३० मिनिटं घेते आणि १०:२९ ला पोचते, आणि १०:०० ला निघालेली मोकळ्या वेळेनं २० मिनिटं घेऊन १०:२० ला पोचते, म्हणजे उशिरा निघून आधी पोचली, खऱ्या रस्त्यावर असं होत नाही. सॉल्व्हर ही फट बरोब्बर शोधतो आणि गाडीला मुद्दाम एक मिनिट थांबवून ठेवतो. २००३ मध्ये इचुआ, जांद्रो आणि पोत्वँ यांनी याचा सरळ मार्ग दाखवला, प्रवासाचा वेळ नाही तर वेग स्लॉटप्रमाणे बदलायचा, म्हणजे गाडी रस्त्यात असताना दहा वाजले की तिथून पुढे नवीन वेग. तुमचा सॉल्व्हर हे करत नसेल तर निदान प्लॅन आल्यानंतर ह्या पद्धतीनं एकदा वेळा पुन्हा मोजा आणि जे स्टॉप विंडोच्या बाहेर गेले ते दाखवा, तेवढ्यानं पण खूप फरक पडतो.

युनिट आणि राउंडिंग. हा भाग वाचायला कंटाळवाणा आहे पण इथे चुका फार सापडतात. ओआर-टूल्स या सॉल्व्हरचे कॉलबॅक (त्याला अंतर आणि वेळ पुरवणारी फंक्शन्स) पूर्णांक मागतात. अंतर किलोमीटरमध्ये ठेवून पूर्णांक केलात तर ०.४ किलोमीटर म्हणजे ०, आणि दाट वस्तीतले सगळे स्टॉप सॉल्व्हरला एकमेकांच्या डोक्यावर दिसतात, मग तो त्यांचा क्रम कसाही लावतो, त्याच्या हिशेबात सगळे क्रम सारखेच. मिनिटांचं पण तेच, दशांश छाटून टाकला तर लेगमागे सरासरी अर्धं मिनिट जातं, ४० लेगचा रूट असेल तर २० मिनिटं अशीच गायब. सगळीकडे सेकंद आणि मीटर वापरा, राउटिंग इंजिन पण सेकंदच देतं. आणि विंडो मिनिटांत आणि प्रवास सेकंदांत असं मिश्रण झालंय का ते एकदा बघाच, कारण प्रत्येक वेळी एरर येईलच असं नाही, कधी कधी फक्त विचित्र प्लॅन येतो.

सर्व्हिस टाइम. प्रत्येक स्टॉपला ५ मिनिटं हा आकडा कुठून आला असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी कोणाला सांगता येत नाही. तो डेटावरून काढायचा, पण काढताना मेडियन (सगळे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) घेऊ नका. दहा स्टॉप आहेत, नऊ ठिकाणी ४ मिनिटं लागली, एका ठिकाणी लिफ्ट बंद होती म्हणून २४. मेडियन ४, सरासरी ६. ३० स्टॉपच्या रूटला मेडियननं १२० मिनिटं होतात आणि सरासरीनं १८०, आणि रूट संपायला लागतात सरासरीवालेच कारण त्या २४ मिनिटवाल्या डिलिव्हऱ्या कुठे ना कुठे येतातच. रूटची एकूण वेळ ही बेरीज आहे आणि बेरजेला सरासरीच चालते. मेडियन दिसायला स्वच्छ आकडा असतो म्हणून डॅशबोर्डवर छान वाटतो, प्लॅनिंगला तो धोकादायक आहे. ग्राहकाला काय वेळ सांगायची हा वेगळा प्रश्न, तिथे जुन्या फरकांवरून दहातल्या नऊ वेळा पाळता येईल एवढी रुंद विंडो द्या, आणि रूटच्या शेवटच्या स्टॉपांना जास्त रुंद, कारण अनिश्चितता साचत जाते.

त्यात अजून एक, पार्किंग. एकाच बिल्डिंगमध्ये तीन ऑर्डरी असल्या तर गाडी एकदाच लावायची असते. सर्व्हिस टाइममध्ये पार्किंग मिसळलेलं असेल तर मॉडेल तीनदा गाडी लावतं, आणि एकट्या स्टॉपला पुरेसा वेळ मिळत नाही. व्हरूम या सॉल्व्हरमध्ये यासाठी सेटअप आणि सर्व्हिस असे दोन वेगळे आकडे आहेत, आधीचं काम त्याच जागेवर असेल तर सेटअप धरलाच जात नाही. दुसऱ्या सॉल्व्हरमध्ये हे मॅट्रिक्समध्ये घालता येतं, वेगळ्या जागेहून येणाऱ्या प्रत्येक लेगला पार्किंगचा वेळ जोडायचा, त्याच जागेवरून असेल तर शून्य. आणि ओआर-टूल्समध्ये सर्व्हिस टाइम ट्रान्झिट कॉलबॅकमध्ये (दोन स्टॉपमधला वेळ देणारं फंक्शन) हातानं मिळवावा लागतो, तो निघायच्या नोडचा, म्हणजे ज्या स्टॉपवरून गाडी निघते त्याचा, घेतलाय का, एकदाच घेतलाय का, डेपोला लोडिंगचा वेळ दिलाय का, एवढं कोडमध्ये बघून घ्या.

इथपर्यंतचं दुरुस्त करून रीप्ले परत केला आणि बहुतेक रूट दहा-पंधरा मिनिटांच्या आत जुळायला लागले की मग आणि मगच पुढच्या तक्रारींकडे जा, कारण त्यातल्या निम्म्या आपोआप गेलेल्या असतात.

सॉल्व्हर उत्तरच देत नाही, ही तक्रार. ओआर-टूल्स रिकामं उत्तर देतं आणि कारण सांगत नाही. आधी साधी बेरीज करा, सगळ्या ऑर्डरींचं वजन सगळ्या गाड्यांच्या क्षमतेपेक्षा जास्त आहे का. मग प्रत्येक ऑर्डर एकटी घेऊन बघा, डेपोतून थेट निघून तिच्या विंडोत पोचता येतं का आणि शिफ्ट संपायच्या आत परत येता येतं का. मग टाइम डायमेन्शनचा (सॉल्व्हर रूटवर वेळेचा हिशेब ठेवतो तो भाग) स्लॅक, म्हणजे वाट बघायला दिलेली सूट. स्लॅक ० ठेवलात तर गाडीला विंडो उघडेपर्यंत थांबायची परवानगीच नाही, म्हणजे ९:५० ला पोचली आणि विंडो १०:०० ला उघडते तर तो रूटच अवैध. सुरुवातीची वेळ शून्याला बांधलेली असेल तर उशिरा निघून हे टाळायची सोयही जाते. विंडो असतील तर स्लॅक भरपूर द्या आणि सुरुवात मोकळी ठेवा.

पण खरा उपाय म्हणजे प्रत्येक ऑर्डर ऐच्छिक करा आणि सोडली तर दंड लावा, म्हणजे उत्तर नेहमी येतं आणि कोणत्या ऑर्डरी बसत नाहीत त्यांची यादी मिळते. इथे दंडाचं युनिट सांभाळा. कॉस्ट, म्हणजे सॉल्व्हर कमी करायला बघतो तो आकडा, मीटरमध्ये आहे आणि दंड १००० टाकलात तर तुम्ही सॉल्व्हरला सांगताय की या ऑर्डरसाठी एक किलोमीटरपेक्षा जास्त फिरावं लागलं तर सोडून दे. तो सोडतो. मग लोक म्हणतात गाड्या रिकाम्या असताना ऑर्डरी का सोडल्या. दंड हा सगळ्यात लांबच्या एकट्या फेरीच्या कॉस्टपेक्षा बराच मोठा पाहिजे, आणि महत्त्वाच्या ग्राहकांचा त्याहून मोठा.

एका गाडीला ३० स्टॉप आणि दुसरीला ६, ही पुढची. यात बिघाड काही नाही, तुम्ही एकूण अंतर कमी करायला सांगितलंत आणि त्यानं ते केलं, समान वाटणी कोणी मागितलीच नव्हती. ओआर-टूल्समध्ये टाइम डायमेन्शनला ग्लोबल स्पॅनचा गुणक देता येतो, त्यानं सगळ्यात उशिरा संपणारा रूट आवळला जातो. गुणक हळूहळू वाढवा आणि प्रत्येक वेळी एकूण अंतर किती वाढतंय ते बघा, एका मर्यादेनंतर एक-एक मिनिटाच्या समानतेसाठी खूप किलोमीटर द्यावे लागतात. आणि वाटणी स्टॉपच्या संख्येवर नाही, कामाच्या तासांवर करा, ड्रायव्हरला न्याय वाटतो तो तासांचा.

नकाशावर रेषा एकमेकींना छेदतायत म्हणून रूट चुकीचा, असं मॅनेजर लोक पटकन म्हणतात. सरळ रेषेतलं अंतर असेल, विंडो नसतील आणि एकच गाडी असेल तर बरोबर आहे, फुली दिसली म्हणजे ती सोडवून रूट छोटा होतोच, टू-ऑप्ट नावाची पद्धत नेमकं तेच करते, दोन जोड तोडून मधला तुकडा उलटा लावते. पण विंडो आल्या, वन-वे आले की मधला तुकडा उलटा करणं महाग पडू शकतं, आणि स्क्रीनवरच्या सरळ रेषा खऱ्या रस्त्याच्या नसतातच. तेव्हा रेषांवर वाद घालू नका, दोन स्टॉपची अदलाबदल हातानं करून त्याच मॉडेलमध्ये कॉस्ट मोजा, वाढली की विषय संपला. आणि कमी झाली, विंडो वगैरे सगळं पाळून, तर मात्र सॉल्व्हरमध्ये खरंच काहीतरी राहिलंय.

तेव्हा सॉल्व्हरबद्दल आता. ओआर-टूल्समध्ये फक्त पहिलं उत्तर शोधायची पद्धत सेट करून ठेवलेली असते, पाथ चीपेस्ट आर्क (दर वेळी सगळ्यात स्वस्त पुढचा स्टॉप जोडणारी), आणि पुढचं सर्च साधं उतरणीचं, म्हणजे शेजारच्या कुठल्याही छोट्या बदलानं सुधारणा झाली नाही की थांबलं. गाइडेड लोकल सर्च (असं अडकल्यावरही बाहेर पडून शोधत राहणारी पद्धत) चालू करा, आणि टाइम लिमिट नक्की द्या कारण ते स्वतःहून थांबत नाही. हाताशी स्वतःचा जुना कोड असेल तर तो बहुतेक क्लार्क आणि राइट यांची १९६४ ची सेव्हिंग्ज पद्धत असते. डेपो ते क १०, डेपो ते ख १२, क ते ख ४, तर दोन वेगळ्या फेऱ्यांऐवजी एकत्र केल्यानं १० अधिक १२ वजा ४ म्हणजे १८ वाचतात, आणि सगळ्यात जास्त वाचवणारी जोडी आधी जोडायची. सुंदर आणि वेगवान पद्धत आहे, पण जोडलेलं परत तोडत नाही, त्यामुळे शेवटी उरलेल्या स्टॉपांचे एक-दोन वेडेवाकडे रूट राहतात. तिच्यामागे लार्ज नेबरहूड सर्च लावा, शॉ यांची १९९८ ची कल्पना आणि रोपके व पिसिंगर यांनी २००६ मध्ये ती बरीच पुढे नेली. उत्तरातून एकमेकांच्या जवळचे दहा-पंधरा टक्के स्टॉप उचकटून काढायचे, चांगल्या जागी परत बसवायचे, जमलं तर ठेवायचं, आणि हे हजारो वेळा. स्वतः लिहायचं नसेल तर पायव्हीआरपी किंवा व्हरूम हे तयार सॉल्व्हर वापरून बघा.

वेळ किती द्यायचा याचा अंदाज रन करूनच घ्या. तोच डेटा ३० सेकंद, २ मिनिटं, १० मिनिटं असा रन करा, वेगवेगळ्या सीडनं (सॉल्व्हरच्या रँडम निवडींची सुरुवात ठरवणारा आकडा). दोन मिनिटं आणि दहा मिनिटं यात एक टक्क्याच्या आत फरक असेल तर तिथे आणखी काही मिळणार नाही. सगळे क्रम तपासून एकदाच बरोबर उत्तर काढू असं कोणी म्हणत असेल तर २० स्टॉपचे क्रम सुमारे २४ लाख कोटी गुणिले १ लाख, म्हणजे २.४ गुणिले दहाचा अठरावा घात, होतात, एवढं सांगून पुढे जा.

राहिली ड्रायव्हर प्लॅन पाळत नाहीत ही तक्रार, आणि इथे माझी सहानुभूती ड्रायव्हरकडे आहे. २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉननं एमआयटीबरोबर एक स्पर्धा घेतली होती, ९,१८४ प्रत्यक्ष रूटचा डेटा दिला आणि विचारलं की अनुभवी ड्रायव्हर कोणत्या क्रमानं जातील ते सांगा. म्हणजे प्रश्न सगळ्यात छोटा रूट कोणता हा नव्हताच. जिंकलेली टीम विल्यम कुक, स्टेफान हेल्ड आणि केल्ड हेल्सगाऊन यांची, आणि त्यांनी जुन्या रूटमधून झोनच्या क्रमाचे नियम काढले, ते बंधनं म्हणून लोकल सर्चमध्ये घातले. ड्रायव्हर एक झोन पूर्ण संपवतो मग पुढच्यात जातो, कारण गाडीतला माल तसा लावलेला असतो. तुमचा सॉल्व्हर दोनशे मीटर वाचवायला त्याला झोनमधून बाहेर काढून परत आत आणत असेल तर तो पाळणार नाही आणि त्यानं पाळूही नये, मागच्या बाजूची पेटी काढायला पुढच्या दहा उतरवाव्या लागल्या तर ते दोनशे मीटर कुठल्या कुठे जातात.

म्हणून प्लॅन मोडला गेला की जाब विचारण्याआधी कारण विचारा आणि ते लिहून घ्या. गेट अकरानंतरच उघडतं, ही विंडो झाली. रस्ता ओलांडता येत नाही, मग स्टॉपला गाडी त्याच बाजूनं आली पाहिजे, ओएसआरएममध्ये कर्ब अप्रोच मागता येतो. माल मागे अडकला, मग लोडिंगचा क्रम हा डिलिव्हरीच्या उलटा पाहिजे आणि प्लॅन लोडिंगच्या आधी फायनल व्हायला पाहिजे. मी बघितलंय की अशी कारणं सुरुवातीला भराभर येतात आणि मग तीच तीच परत यायला लागतात, म्हणजे यादी काही अनंत नसते.

रोज प्लॅन पूर्ण बदलतो ही पण त्यातलीच. एक ऑर्डर वाढली आणि सगळ्या गाड्यांचे भाग इकडचे तिकडे झाले, कारण जवळजवळ सारख्या कॉस्टची शेकडो उत्तरं असतात आणि सॉल्व्हर त्यातलं कुठलंही उचलतो. ड्रायव्हरला ओळखीचा भाग मिळाला की तो स्टॉपवर मिनिट-दोन मिनिटं वाचवतो, ते मॉडेलमध्ये कुठेच नसतं. कालचा प्लॅन आजचा प्रारंभ म्हणून द्या, आणि ग्राहक त्याच्या नेहमीच्या ड्रायव्हरकडून काढला तर थोडा दंड लावा. थोडाच, भाग पूर्ण बांधून टाकलात तर एक ड्रायव्हर सुट्टीवर गेला की सगळं अडतं.

दिवसाच्या मध्ये नवीन ऑर्डरी येत असतील तर सगळं परत सोडवू नका. गाडीत चढलेला माल त्या गाडीचाच, ज्या स्टॉपकडे ड्रायव्हर निघालाय तो हलवायचा नाही, गाडीची सुरुवात डेपो नाही तर आत्ताची जागा, आणि नवीन ऑर्डर फक्त सगळ्यात स्वस्त जागी घुसवायची.

आणि हे सगळं करूनही अडलं तर सॉफ्टवेअर देणाऱ्याकडे तक्रार करताना स्क्रीनशॉट पाठवू नका. एक रूट पाठवा, त्याचा प्लॅन आणि प्रत्यक्ष पोचायच्या-निघायच्या वेळा, मॅट्रिक्सचा तेवढा तुकडा आणि त्याचं युनिट, सर्व्हिस टाइम कसा काढलाय, विंडो, सॉल्व्हरचं व्हर्जन आणि सेटिंग, टाइम लिमिट, दंडाचे आकडे. ग्राहकांची नावं-पत्ते काढून टाका, स्टॉपना नंबर द्या. एवढं असलं की समोरच्याला तोच रूट त्याच्या मशीनवर चालवून बघता येतो.